नेवाचा पाय

नेवा क्वेसेनबेरीने आयुष्यात सगळ्यात जास्त वेळ कशाकडे पाहिलं असेल, तर ते आपल्या थोरल्या भावाच्या, गारलंडच्या, उजव्या पायाकडे. नवऱ्याकडेही इतकं पाहिलं नसेल. बिचारा क्लाइड हे स्वतःच चारचौघांत सांगायचा आणि वर हसायचा.

त्याला कारण होतं. आमच्या डोंगरात नाचाची चाल गोल फिरते, तिला स्वतःचा असा शेवट नसतो. नाचणाऱ्यांची हौस फिटेपर्यंत ती फिरवायची. मग जो सुरू करतो त्यानेच ती संपवायची, आणि तीही तोंडाने नाही, पायाने. फिडलवाल्याचा, म्हणजे व्हायोलिन वाजवणाऱ्याचा, पाय जमिनीवरून उचलला गेला की समजायचं, ही शेवटची फेरी. मग गिटार, बँजो, बेस सगळे एका ठोक्यावर गप्प. गारलंड आणि नेवाचा बाप म्हणायचा, "ओरडून गुरांना सांगतात. माणसांना पाय दिसतो." दुसऱ्याच्या चालीत आपला पाय उचलणं मात्र महापाप. त्याचा अर्थ एवढाच होतो की बाबा रे, तुझं झालं, आता आवर.

बेस, ते खर्जातलं उभं तंतुवाद्य, नेवाच्या वाट्याला आला तो कुणालाच नको होता म्हणून. फिडल गारलंडने पटकावलं, बँजो मधल्या भावाने, आणि उरलेलं ते कपाटाएवढं धूड धाकट्या पोरीच्या गळ्यात पडलं. सफरचंदांच्या खोक्यावर उभी राहून ती ते वाजवायला शिकली. मधला पुढे ओहायोतल्या कारखान्यात गेला आणि तिकडचाच झाला. नेवा राहिली. जन्मभर तिने शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवू घातलं, आणि शनिवारी संध्याकाळी एप्रन खुंटीला, बेस पिकअपमध्ये. क्लाइड गेला त्याच आठवड्यातल्या शनिवारीही ती नाचाच्या हॉलमध्ये बेस घेऊन उभी राहिली. मागे कुजबुज झाली. "तो वरून ऐकतोय," नेवा म्हणाली, "पण तुम्हाला नाही, मला."

अशी फटकळ बाई. बँजोवाला वेस लयीच्या पुढे जरा पळायला लागला की भर नाचात विचारायची, "काय रे, चुलीवर काही ठेवून आलायस का?" अख्ख्या जिल्ह्यात तिच्या तोंडाला लागायची छाती एकट्या गारलंडची.

तो गारलंड गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी गोठ्याच्या माळ्यावरून गवताच्या गठ्ठ्यासकट खाली आला. खुब्यात लोखंड बसलं, मांडीपासून घोट्यापर्यंत पाय ताठ धरणारे पट्टे आले. फायर हाउसच्या, म्हणजे गावच्या बंबखान्याच्या, हॉलमधला शनिवारचा नाच चालू राहिला, पण स्पीकरमधून लावलेल्या गाण्यांवर. ऐंशी पार केलेली मिस युना एकर्स, जिच्या टाचा-चवड्यांच्या नाचावर आजही तरणी पोरं पैज लावतात, दोनच शनिवार आली. "ती स्पीकरची पेटी माझ्याकडे बघत नाही," ती म्हणाली. "मी दमले की ताजी, तिला काय कळतंय? नाच आहे की व्यायाम?" हळूहळू बाकीचेही यायचे थांबले. अग्निशमन दलाचे प्रमुख म्हणायला लागले की हॉल आता दुसऱ्या कुणाला द्यावा.

नेवा घरी एकटीच बेस काढून बसायची. धम्, धम्, दोन सूर. एकट्या बेसवर चाल होत नाही, जशी नुसत्या मिठाची भाजी होत नाही. गारलंड परत उभा राहिला नाही तर आपलेही शनिवार संपले, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण बोलून दाखवेल तर ती नेवा कसली!

वसंतात एके सकाळी गारलंड काठी टेकत तिच्या स्वयंपाकघरात आला आणि कॉफीचा कप पुढे ओढून म्हणाला, "या शनिवारी. एक चाल. बापाची, खेचरवाली."

नेवाच्या हातातलं बिस्किटांचं पीठ तसंच राहिलं. "एकच?"

"एकच. माझ्या हातात ती मोडली, तर फिडल पेटीत आणि पेटी माळ्यावर. मग रडायचं नाही."

"रडतंय कोण? आणि माळ्यावर चढणार कोण, तू?"

गारलंडला हसू आलं, पण त्याने ते कॉफीत बुडवलं.

"बसून वाजव की रे," ती जरा मऊपणे म्हणाली.

"बसून शेंगा सोलतात, नेवे. नाच उभ्याने वाजवतात."

दोघांनी मग सगळा विचार केला. मंचावर पायऱ्या किती, टेकायला उंच स्टूल कुठे ठेवायचं, तारा कधी बदलायच्या. पायाचा विचार मात्र कुणी केला नाही. जन्मभर त्या पायावर नजर ठेवणाऱ्या नेवाने तर नाहीच नाही.

शनिवारी ऊन कलण्याआधीच हॉलबाहेर गाड्यांना जागा उरली नाही. आगीचा बंब बाहेर काढून झाडाखाली उभा केला होता. आत राजम्यासारख्या डागाळ बीन्सचा आणि मक्याच्या पावाचा वास, तळलेल्या सफरचंदाच्या करंज्यांपुढे रांग, आणि जो तो एकच विचारत होता, "आला का? आला का?" मिस युनाने ब्रेडच्या पिशवीतून आपले पत्रे ठोकलेले बूट काढले आणि पिशवीची नीट घडी करून खिशात ठेवली.

गारलंड आला तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. सगळे वाट देऊन त्याच्या काठीकडे बघत राहिले, आणि त्याला ते टाळ्यांपेक्षा जड गेलं असावं. पायऱ्या चढताना गिटारवाल्या ओर्बीने हात पुढे केला, तो त्याने बघितलाच नाही असं केलं. स्टुलाला टेकून तो डाव्या पायावर उभा राहिला आणि जुन्या माणसांसारखं फिडल छातीवर ठेवलं. नेवाने बेस कुशीत घेतला.

"बघतेयस ना?" त्याने न वळता विचारलं.

"मी काय आज पहिल्यांदा बघतेय?"

गज तारेवर पडला. घर्र-घर्र, घर्र-घर्र. या सुरुवातीच्या ठोक्यांना आमच्याकडे बटाटे म्हणतात, आणि गारलंडचे बटाटे ऐकून मागच्या भिंतीशी उभी असलेली माणसंही पुढे सरकली. पुढच्याच क्षणी चाल सुटली! बँजो तिच्या मागे धावला, ओर्बीची गिटार दोघांच्या मधे घुसली, नेवाचा बेस खालून धम् धम् करत सगळ्यांना उचलू लागला आणि लाकडी जमीन दणाणली. जोड्या गोलात फिरायला लागल्या. मिस युनाचे बूट कडाडले. सहा महिने कोंडलेलं काहीतरी दार फोडून बाहेर आलं होतं. नेवाने कान गारलंडकडे लावला. चुकत नव्हता तो! एक सूर इकडचा तिकडे होत नव्हता!

चाल फिरत राहिली. नाचणाऱ्यांचे चेहरे लाल झाले, कुणीतरी कोट भिरकावला. एरवी इथे कुठेतरी गारलंडचा पाय उठायचा. नेवाने खाली पाहिलं.

उजव्या पायाला पट्टे. तो उचलला जाणारच नव्हता. डावा उचलायचा तर उजव्यावर उभं कसं राहणार? अरे देवा, हा माणूस चाल थांबवणार कशी?

ओर्बीलाही ते उमगलं होतं, त्याचे डोळे नेवाकडे वळले. वेसने वाजवता वाजवता भुवया उंचावल्या. तिघांपैकी कुणी थांबू शकत नव्हतं, कारण पाय उठला नव्हता. पुन्हा एक फेरी. पुन्हा एक. गारलंडचे डोळे मिटलेले, कपाळावरून घाम गळ्यात उतरत होता, मान तांबडीलाल. आता गज घसरेल, नेवाला वाटलं. आता घसरेल, चाल मोडेल आणि फिडल माळ्यावर जाईल. पाय उचलावा तर साऱ्या गावासमोर भावाला म्हातारा ठरवल्यासारखं. न उचलावा तर तो उभ्या उभ्या कोसळायचा. इकडे आड, तिकडे विहीर.

बापाची क्षमा मागून नेवाने आपला पाय उचलला.

फेरी संपली. ठप्प! बेस, गिटार, बँजो एका ठोक्यावर थांबले. नाचणारे जागच्या जागी उभे राहिले.

फिडल थांबलं नाही.

गारलंडने डोळे उघडले. गज तसाच पळत होता. त्याने खाली नेवाच्या बुटाकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे, आणि साऱ्या हॉलला ऐकू जाईल असा गरजला, "कुणाचा गं पाय तो? खुबा मोडलाय माझा, कोपर नाही!"

"मला वाटलं तू अडकलास!"

"अडकलो? अगं, सहा महिन्यांनी सुटलोय!"

हॉलमध्ये जो हशा उसळला! मिस युना तर थांबलीच नव्हती. नेवाच्या पायाकडे तिने ढुंकूनही बघितलं नव्हतं. मोकळ्या जमिनीवर एकटी ती आणि एकटं फिडल, दोघं एकमेकांना चढवत होते. "या की रे, का मी एकटीनेच मरू?" ती ओरडली आणि जोड्या पुन्हा उसळल्या. नेवाला हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणीही. तिने ते पुसलं नाही, हात रिकामा कुठे होता? धम्! बेस परत आत शिरला, मागोमाग गिटार, मागोमाग बँजो. वेस पळायला लागला आणि आज नेवा त्याला एका शब्दानेही बोलली नाही. पळ बाबा, हवं तेवढं पळ.

किती फेऱ्या झाल्या याचा हिशेब कुणी ठेवला नाही. शेवटी मिस युनानेच एका खांबाला धरून हात वर केला. गारलंडने ते पाहिलं, नेवाकडे वळला आणि बापाने आयुष्यभर जे करू दिलं नव्हतं ते त्याने त्या संध्याकाळी दुसऱ्यांदा केलं. ओरडला.

"नेवे! पाय!"

नेवाने पाय उचलला, इतका उंच की तोल जाऊन ओर्बीला तिला बेससकट सावरावं लागलं. पण चाल थांबली ती सगळ्यांची एका ठोक्यावर.

टाळ्या, शिट्ट्या, पायांचा दणदणाट. गारलंडने बाहीने कपाळ पुसलं. ओर्बी त्याची काठी घेऊन पुढे आला, तशी गारलंडने ती हातानेच बाजूला सारली.

"एकच म्हणाला होतास," नेवा म्हणाली.

"कोण म्हणालं?" त्याने गजाला राळ घासली, फिडल पुन्हा छातीवर ठेवलं आणि मान खाली घालून नजर नेवाच्या बुटावर लावली. "उभी राहा नीट. मला तो दिसायला हवा."