तिरडी उचलण्याआधीचं उत्तर

"सेप्सिस झालंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणजे गर्भाच्या पिशवीत विष झालंय आणि ते रक्तात उतरतंय. सहावा महिना सरत आलाय. हिच्या पोटाला कोणी हात लावला?"

माझ्या सासूबाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. पोटात माझ्या नवऱ्याचंच मूल होतं, आणि तेच पाडायला आमचं घर निघालं होतं. हे कुणाला खोटं वाटेल, म्हणून नीट सांगते.

आमच्या कोरीट गावात, भाऊबंदांत एक रीत होती. तरणा माणूस गेला की तिरडी उचलण्याआधी दारातून विचारायचे, बाईला दिवस आहेत का. 'आहेत' म्हटलेलं चार माणसांनी ऐकलं, की पुढे त्या मुलाच्या जन्मावर कुणी बोट ठेवायचं नाही. 'नाहीत' म्हटलं, तर मात्र नंतर झालेलं मूल पापाचं ठरायचं. रीत बाईच्या भल्यासाठीच होती म्हणे!

माझा नवरा आठवडाभराच्या तापाने गेला. मी भिंतीला टेकून बसले होते. दारातून प्रश्न आला. मला कुणी विचारलंच नाही. सासूबाई दाराशी गेल्या आणि म्हणाल्या, "तिना पोटमा काही नही शे. उचला."

खरं तर मलाही ठाऊक नव्हतं. पाळी चुकायला अजून वेळ होता.

पुढे मी कोपरा धरला. नवरा गेलेली बाई आमच्याकडे महिनोन्‌महिने अंधाऱ्या खोलीत बसायची. पाळी आली नाही, ती दुःखाने. अन्न पोटात ठरेना, तेही दुःखानेच. मग एका दुपारी पोटात काहीतरी हललं आणि मी रडले. आनंदाने रडले, ते कशाला लपवू? त्याचं काहीतरी मागे राहिलं होतं.

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी बोटांवर महिने मोजले. ते बरोबर बसत होते. तरी त्या मटकन खाली बसल्या.

"मन्हा तोंडमाईन 'नही' निंघी गयं," त्या म्हणाल्या. "आते कोणले काय सांगू?"

सासऱ्यांचं म्हणणं, आता शब्द फिरवला तर लोक म्हणतील पाप झाकायला फिरवला. आपलेच दात, आपलेच ओठ. सुईण आली. तिने काय केलं ते सांगणार नाही, कारण वाचून कुणी तसं करून बघायला नको. एवढंच सांगते, मूल पडलं नाही. मला हुडहुडी भरली, घाण वास येणारं रक्त जाऊ लागलं, आणि मी बरळायला लागले तेव्हा कुठे गाडी जुंपली.

दवाखान्यात खाटा भरलेल्या होत्या. दुसरी मोठी लढाई चालू होती, ताप उतरवायच्या नव्या गोळ्या मोजक्याच यायच्या. डॉक्टरबाई पुण्याकडच्या, बोलायला कडक. त्या सासूबाईंना म्हणाल्या, "आधी आणली असतीत तर मी काही पाडलं नसतं. एवढ्या दिवसांचं पाडणं बाळंतपणाइतकंच जिवावरचं, आणि आईचा जीव धोक्यात असल्याशिवाय कायदा हात लावू देत नाही. पण हिला गुपचूप ठेवून घेतली असती. मूल सांभाळणारी माणसं आहेत. आता तो रस्ता तुम्हीच बंद केलात."

मग त्या माझ्याजवळ बसल्या. "पिशवी रिकामी केली नाही, तर तू जाशील आणि मूलही जाईल. केली, तर मूल जगणार नाही. तू जगशील अशी आशा आहे, खात्री नाही. पुढे मूल होईलच असं नाही. काय करू?"

सासूबाई काहीतरी बोलायला पुढे झाल्या. डॉक्टरबाईंनी हात आडवा केला. "तिला विचारतेय."

नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच कुणी मला विचारत होतं. आणि विचारलं तेही असलं! मला त्या बाईचा राग आला. मूल अजून हलत होतं. मी पोटावर हात ठेवला आणि म्हटलं, "माले जगनं शे." हे म्हणताना मला लाज वाटली. आज वाटत नाही.

औषध देऊन दिवसभर कळा आणल्या. शुद्ध आली तेव्हा विचारलं, "आंडोर व्हता का आंडेर?" मुलगी होती. फडक्यात गुंडाळून सासूबाईंच्या हातात दिली होती. त्यांनी तिचं तोंड उघडं करून पाहिलं आणि दवाखाना गोळा होईल असा हंबरडा फोडला.

ताप बरेच दिवस रेंगाळला. नवराच नव्हता, तेव्हा मला परत मूल व्हायचा प्रश्नच नव्हता, तरी ते होणार नाही हे ऐकून मी भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टरबाईंचे उपकार मानते. जिवासाठी मानतेच, विचारलं त्यासाठी जास्त मानते.

पुढल्या वर्षी भाऊबंदांतलाच एक पोरगा विहिरीत पडून गेला. त्याची बायको माझ्याच वयाची. तिरडी बांधून झाली, दारातून प्रश्न आला, तिच्या सासूने तोंड उघडलं. तेवढ्यात माझ्या सासूबाई उठून दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"आज इचारू नका," त्या म्हणाल्या. "तिले बी ठाऊक नही, आमले बी ठाऊक नही. दोन महिना थांबा, मंग तिलेच इचारा."

बाहेर कुजबुज झाली. त्या हलल्या नाहीत. शेवटी उत्तर न घेताच तिरडी उचलली.

तुमच्या दारात असा प्रश्न आला तर एवढंच म्हणा, "माहीत नाही." आणि पुढचं उत्तर त्या बाईलाच देऊ द्या.