फाटकापर्यंतचा निरोप

रादीसावच्या पायात बॉम्ब बांधलाय, त्याने अंगणात पाऊल टाकलं की बेलग्रेडहून कुणीतरी बटण दाबतं आणि निम्मा डोंगर उडतो, अशी आवई आमच्या गोर्न्या लोक्वा गावात उठली होती. त्याच्या कुंपणाला कुत्रीसुद्धा म्हणे वळसा घालून जातात. साफ खोटं. कुत्री कुंपणावरच तंगडी वर करत. आणि पायात होता तो साबणाच्या वडीएवढा काळा डबा, पट्ट्याने घोट्याला आवळलेला. तो फुटायचा नाही. चुगली करायचा.

झालं होतं असं, की रादीसावने अंधारून आल्यावर बिनदिव्याचा ट्रॅक्टर रस्त्यावर काढला आणि सायकलवरून येणाऱ्या पोस्टमन मिलोयकोला उडवलं. मिलोयकोचा खुबा मोडला. न्यायाधीशाने वर्षाची शिक्षा दिली, पण घरातच भोगायची. कारण बायको देसांका अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली. तिला भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं सगळं रादीसावच्या हातचं. अट एकच, ओसरीच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. परवानगीशिवाय दोनदा उतरला, तर उरलेली शिक्षा तुरुंगात.

"दोनदा म्हणजे अगदी दोनदाच का हो?" त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकारी व्हेरित्साबाईंना त्याने विचारलं होतं.

"रादीसाव, मला दोनपर्यंत मोजता येतं. तुम्हीही शिका."

ऑक्टोबर सरता सरता संत लुकाचा दिवस आला. रादीसावच्या घराची स्लावा, म्हणजे कुलसंताचा सण. स्लावेला आमंत्रण नसतं, लोक आपणहून येतात. आणि आलेल्याला यजमान फाटकापर्यंत सोडतो. दारातून बोळवण करायची ती वसुलीवाल्याची.

सकाळी पाद्रीबाबा आले. नाकातून गायले, सणाच्या पावावर वाइन ओतली, प्लमच्या दारूचे पेले "नको, नको, अर्धाच" म्हणत पूर्ण भरून घेतले. निघताना ते पावसाबद्दल बोलत होते, रादीसाव हो ला हो करत बरोबर चालत होता. फाटकाची कडी काढली तेव्हा घोट्यावरचा डबा थरथरला.

फोन लगेच आला. "कुठे आहात?"

"फाटकाशी. पाद्रीबाबांना सोडायला..."

"त्यांना वाट माहीत नाही?"

"आहे की. तीस वर्षं येतायत."

"हे एक झालं," व्हेरित्साबाई म्हणाल्या. "आता आत जा."

मग दिवसभर रादीसाव उंबरठ्याला चिकटून. पाहुणे उठले की हा दाराची चौकट धरायचा, बुडणारा फळी धरतो तशी.

"काय रे, आम्ही काय विजेचं बिल आणलं होतं?" चुलतभाऊ म्हणाला.

"असू दे, असू दे," वहिनी फणकारली, "श्रीमंत झालेत. उद्या खिडकीतून हात हलवतील."

आतून देसांकाची अर्धी उरलेली वाचा ओरडायची, "कोण गेलं? सोडलंस का नीट?"

"सोडलं गं, सोडलं."

दुपार कलली तशी काठीची टकटक आली. दारात मिलोयको. खोलीतले चमचे थांबले. अपघातानंतर तो या घरात पहिल्यांदाच येत होता.

"स्लावा लाभो, यजमान!" तो म्हणाला. "तोंड मिट, माशी जाईल."

तो बसला, कोबीच्या पानातला खिमा जेवला, पेला उचलला. "खरं सांगू? बावीस वर्षं साहेबाकडे ऑफिसातली बसायची खुर्ची मागत होतो. तू खुबा मोडलास आणि दुसऱ्या महिन्यात मिळाली."

सगळे हसले. रादीसाव हसला नाही. तो रडत होता, आणि नाक शिंकरतोय असं दाखवत होता.

मिलोयको उठला. रादीसाव चौकटीशी. "मिलोयको, मला... मी इथूनच..."

"माहितीय रे बाबा. तू थांब."

काठी पहिल्या पायरीवर टेकली. ओला पाला होता. मग वाईट पाय खाली. मग चांगला.

"कोण गेलं रे?" आतून आवाज.

"मिलोयको."

"मिलोयको? आणि तू इथे उभा?"

नियम तिलाही पाठ होता. पण तिने तसं विचारल्यावर रादीसावच्या हातून चौकट सुटली. त्याने मिलोयकोच्या काखेत हात घातला आणि दोघे नाशपातीच्या झाडाखालून सावकाश फाटकापर्यंत गेले.

या वेळी फोनवर व्हेरित्साबाईंनी एवढंच विचारलं, "कोण होतं?"

"ज्याला मी उडवलं, तो."

"अरे देवा."

"तुम्ही काय केलं असतं, बाई?"

"सोडलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि नोंद मी करणार आहे."

कोर्टाने उरलेली शिक्षा तुरुंगात भोगायचा हुकूम काढला; न्यायला गाडी येईपर्यंत तो घरीच. गावाने राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज केला. पहिली सही मिलोयकोची, दुसरी पाद्रीबाबांची, दारूचा डाग पडलेली. मी शेजारची पोर, रादीसावला म्हटलं, ज्याचं हाड मोडलं तोच माफ करा म्हणतोय, आता नाही म्हणायची कुणाची छाती आहे?

"पोरी, माफ करायचं ते मिलोयकोने केलं. वरच्यांना मी कोण?"

"पैज. माफी नाही मिळाली, तर आमचा कोंबडा देईन."

"लावली."

नकार आला तो बर्फाबरोबर. दीड ओळ. तुरुंगाची गाडी आली तेव्हा शहरातल्या वृद्धाश्रमात देसांकासाठी खाट रिकामी झालेली नव्हती. शेजारणींनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. तिला कुशीवर कसं वळवायचं ते रादीसाव त्यांना उशी घेऊन दाखवत होता, पुन्हा पुन्हा, पोलीस घड्याळ बघेपर्यंत.

गाडीत चढताना त्याने मला हाक मारली. "पोरी, कोंबडा."

"आणते."

"मला कशाला? तुरुंगात पाळू? तिला सूप कर. मीठ कमी. आणि डाव्या बाजूने भरव, उजवीकडून सांडतं."

मी त्याच दिवशी कोंबडा कापला. देसांकाने सुपाचे दोन चमचे घेतले, दाराकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.