पैसे देऊन रोवणी करणारं गिऱ्हाईक

गोंदियाच्या स्टेशनसमोर मी अकरा वर्षं लॉज चालवला. त्या धंद्याला एकच विद्या लागते : गिऱ्हाइकाला गाडीच्या वेळेला उठवणे. मी दार असं बडवायचो, की तिकडे आमगावातले लोक अंथरुणातून उठून चपला शोधायचे. माझ्या एकाही गिऱ्हाइकाची गाडी चुकली नाही. काहींनी तर जायचं नसतानाही पकडली.

मग डोक्यात रिसॉर्ट शिरलं. बाबांकडून धानशेताच्या दोन बांध्या मागून घेतल्या, त्यावर चार खोल्या उठवल्या, एक झुला टांगला. बाबा म्हणाले, "रोवणी होईपर्यंत पाहतो. लोक थांबले तं ठीक. नाई तं खोल्यांत धान भरतो."

पावसाळ्यात धानाची रोपं लावायची रोवणी लागली तेव्हा कुठे पहिलं गिऱ्हाईक आलं. नागपूरचे एक साहेब आणि त्यांच्या मॅडम, तीन दिवसांसाठी. लॉजचं गिऱ्हाईक खोली मिळाली की आडवं होतं. हे पिशव्या टाकून बाहेर आले आणि म्हणाले, "आता काय?"

झुला दाखवला. अर्ध्या तासाने परत, "आता काय?" बोडीतलं, म्हणजे शेततळ्यातलं, पाणी दाखवलं, कमळं दाखवली. संध्याकाळपर्यंत बैलाचे दातसुद्धा मोजून झाले. मॅडम साहेबांना हळूच म्हणाल्या, "उद्या सकाळीच निघू या." ते बाबांनी ऐकलं. जेवताना मला विचारतात, "पोते कोणत्या खोलीपासून लावू?"

पहाटे पाचला जाग आली, आणि हातांना जुनी सवय. दोन्ही मुठींनी दार बडवलं. "साहेब, उठा, गाडीचा टाइम झाला."

साहेब बनियनवर बाहेर आले. "कोणती गाडी?"

स्टेशन तिथून वीस किलोमीटर. मी म्हणालो, "गाडी नाही साहेब, सारस. पाचला येतात. लेट होत नाहीत."

देवाची कृपा, बांधावर खरंच जोडी उभी होती. एकेक पक्षी पाच फुटांचा. मी सात सांगितले. साहेबांनी कॅमेरा काढेपर्यंत दोघंही उडाले. साहेब माझ्याकडे वळले. "आता काय?"

उत्तर बाबांनी दिलं. गुडघाभर चिखलात, हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी. "काऊन उभे आहात जी? उतरा. दोन बाया कमी आल्या आज."

मी डोळे मिटले. उघडले तर मॅडम सलवार खोचून चिखलात, मागोमाग साहेब. साहेबांची ओळ इतकी वाकडी, की बाबांनी विचारलं, "धान रोवून राहिले का सही करून राहिले?"

तीन दिवसांचे चार झाले. "आता काय" कोणी विचारलं नाही. विचारायला कंबर सरळ व्हायला हवी. जाताना दोघं बाबांच्या पाया पडले आणि बिल हसत चुकतं केलं.

बाबा चिखल उडवत निघालेल्या त्यांच्या गाडीकडे बघत म्हणाले, "लॉजात पैसे देणारा झोपे अन् तू राबस. इथं तोच पैसे देते अन् तोच राबते. हे तू मले पहिले काऊन नाई सांगितलं?"

"मग खोल्यांत धान?"

"धान पडवीत राहील," बाबा म्हणाले. "कापणीले किती जण येऊन राहिले, ते सांग."