पणजोबांचा पत्ता

जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांशी ज्याची घसट जास्त, असा माणूस अख्ख्या नागपुरात एकच असेल आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला आहे. तसं पाहिलं तर ते माझे कोणीच नाहीत. माझ्या बायकोला, म्हणजे संध्याला, शाळेत चित्रकला शिकवणारे ते सर, एवढंच आमचं नातं. पण सरांनी लग्न केलं नाही. त्यामुळे वर्गात बसून गेलेली सगळी पोरं आपलीच, अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली आहे आणि त्या नात्याने मी त्यांचा जावई लागतो. आमच्या लग्नात त्यांनी मला भर मांडवात 'जावईबापू' अशी हाक मारली आणि स्वतः काढलेलं माझं चित्र हातात ठेवलं. चित्रात माझं नाक जरा लांब होतं. मी तसं हळूच सुचवलं तर म्हणाले, "चित्र बरोबर आहे जी. तुमी आरसा बदला." आमच्याकडे जावयाचा मान मोठा. सरांनी तो एवढाच ठेवला आहे की मला काम सांगताना शेवटी ते न चुकता 'जी' लावतात.

सरांना जगात काहीही जागच्या जागी दिसत नाही. हॉटेलात गेले की आधी भिंतीवरची तसबीर सरळ करणार, मग तर्री पोहे मागवणार. सीताबर्डीवर एका कपड्याच्या दुकानातल्या पुतळ्याचा डावा हात उजव्यापेक्षा लांब आहे हे त्यांनी मालकाला अर्धा तास समजावून सांगितलं होतं आणि शेवटी मालकाने, बिचाऱ्याने, त्या पुतळ्याला पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला. त्यांच्या चर्चला मागे पिस्ता रंग दिला तेव्हा तर कहर झाला. पाळकसाहेबांना सर म्हणाले, "हे देवाचं घर होय का आइस्क्रीमचं दुकान?" पाळकसाहेब म्हणाले, रंग कमिटीने ठरवला. झालं. सर तडक उठले आणि पुढचे तीन रविवार रस्त्यापलीकडच्या कॅथलिक चर्चमध्ये जाऊन बसले. चौथ्या रविवारी मुकाट्याने परत आले. तिकडचे लोक चांगले, सूरही चांगला, पण गाणी ओळखीची नाहीत, अशी त्यांची तक्रार होती.

असा हा माणूस मेलेल्यांच्या नादी लागला त्याला कारण झालं चर्चच्या कमिटीचं एक पत्र. शाळेच्या मागे जे जुनं कब्रस्तान आहे तिथली जागा संपली, यापुढे नवीन कबर शहराबाहेरच्या नव्या जागेत होईल, असं त्यात लिहिलं होतं. सवलत फक्त एकच. ज्यांच्या घराण्याची जुनी कबर तिथे आहे आणि ज्यांच्यापाशी तसा पुरावा आहे, त्यांना त्याच कबरीत जागा मिळेल. सर ते पत्र घेऊन आमच्याकडे आले आणि चहा प्यायच्या आधीच म्हणाले, "जावईबापू, आपल्याले माझे पणजोबा शोधायचे आहेत जी."

मला वाटलं गंमत करताहेत. पण सरांचा युक्तिवाद बिनतोड होता. ते राहतात शहराच्या पार टोकाला, बेसाला, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. नवीन कब्रस्तान बेसाच्याही पलीकडे. "जिवंतपणी शाळेतले पोट्टे बेसापर्यंत येऊन नाई राहिले," सर म्हणाले, "मेल्यावर त्याच्याही पुढं येतीन का जी? शाळेमागं असलो तर जाता-येता कोणीतरी म्हणन, इथं आपले ड्रॉइंगचे सर आहेत." पणजोबांना त्याच जुन्या कब्रस्तानात पुरलं हे घरात सगळ्यांना ऐकून माहीत होतं. पण त्यांच्यावर दगड नव्हता आणि कागद कोणी पाहिला नव्हता. तो कागद मिळवायचा आणि सरांची जागा पक्की करायची, एवढंच काम. आमच्यात हा व्याप नसतो. माणूस गेला की राख नदीत सोडायची आणि तेराव्याला जेवायचं. त्यामुळे मी बेफिकिरीने हो म्हणून बसलो.

हाताशी माहिती काय, तर पणजोबा मिशनच्या कामावर सुतार होते आणि संत्र्याच्या मृग बहारात गेले. ही दुसरी माहिती सरांच्या आजीची. वडलांना नेलं तेव्हा मला गप्प करायला कोणीतरी हातात संत्रं दिलं होतं, असं ती सांगायची. साल तिला माहीत नव्हतं. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चात उतरतात, म्हणजे दफनाच्या रजिस्टरात तीसेक वर्षांचे तेवढे दोन महिने चाळायचे. दर शनिवारी मी स्कूटर काढायचो. मागे सर, आणि आमच्या दोघांच्या मध्ये त्यांचा ड्रॉइंग बोर्ड, कारण रजिस्टर टेबलावर ठेवून वाचलं तर पाठ धरते, ते उतरत्या फळीवरच ठेवावं लागतं असा त्यांचा सिद्धांत. खड्डा आला की तो बोर्ड माझ्या पाठीत बसायचा. शिवाय पिशवीत भिंग, मऊ ब्रश आणि डझनभर संत्री. काटोलचा त्यांचा एक विद्यार्थी बागायतदार आहे, तो बसने करंडी पाठवतो, हंगाम नसला तर शीतगृहातली. चर्चच्या ऑफिसातल्या बाई एका संत्र्यात दार उघडत, तीन संत्र्यांत कपाट. "फोटो काढून घरी नेऊ या," असं मी पहिल्याच दिवशी सुचवलं होतं. सर माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले की पुन्हा मी फोन खिशातून काढला नाही.

खरी पंचाईत अशी झाली की सरांना नुसतं शोधता येईना. प्रत्येक नावाशी ते थांबायचे. नाव, वय, धंदा, मरणाचं कारण, सगळं वाचायचे आणि हळहळायचे. "पहा गा, अठ्ठावीस वर्षांचा पोट्टा. इंजिनावर कोळसा टाकायचा. तापानं गेला." मग ब्रशने त्याच्या ओळीवरची धूळ झटकायची, एक संत्रं सोलायचं, अर्धं मला द्यायचं. एका शनिवारी कसेबसे दोन मार्च व्हायचे. आठवडाभर ही मंडळी त्यांच्या डोक्यात राहायची. एकदा सकाळी सहाला फोन वाजला. संध्याने उचलला. पलीकडून भरल्या आवाजात सर म्हणाले, "संध्या, दाईबाई गेल्या वं." तिच्या माहेरच्या गल्लीत एक म्हाताऱ्या दाई आहेत, तिचा जन्म त्यांच्याच हातचा. तिने रडत रडत आईला फोन लावला, आईने धावत जाऊन त्यांचं दार ठोठावलं, तर दाईबाई अंगणात बसून वाटाणे सोलत होत्या. सरांची दाईबाई रजिस्टरातली, शंभर वर्षांपूर्वी गेलेली. संध्या त्यांच्यावर एवढी भडकली की मला ऐकवेना. सर शांतपणे म्हणाले, "पण तिच्यासाठी कोणी रडलं असन का नसन, काय माहीत. आज तू रडली ना. चांगलं झालं."

पावसाळा गेला, दिवाळी गेली. तीसच्या तीस वर्षांचे फेब्रुवारी-मार्च संपले आणि पणजोबा कुठेच नाहीत. त्या शनिवारी त्यांनी संत्रं सोललं आणि खायचं विसरून गेले. "जाऊ द्या जी," म्हणाले, "बेसाच्या पुढं तर बेसाच्या पुढं. हवा तरी चांगली असन." मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, सहा-सात महिने पाठीत फळी खाऊन मलाही ते पणजोबा माझेच वाटायला लागले होते.

ऑफिसातल्या बाईंनाही बहुधा तसंच वाटलं असावं. त्यांनी संत्रं न घेता तळाचा खण उघडला आणि कमिटीच्या सभांची एक जुनी वही काढून दिली. दुपारभर वाचल्यावर त्यात सुतार सापडला. बाकं बसल्यावर करकरतात, त्याने उपदेश ऐकू येत नाही, सबब सुताराने ती दुरुस्त करावी, असा ठराव होता. खाली सुताराचं उत्तर नोंदवलं होतं. बाकांत दोष नाही, उपदेश लांबतो म्हणून माणसं चुळबुळतात आणि माणसं चुळबुळतात म्हणून बाकं करकरतात, ती आपण दुरुस्त करणार नाही. त्यानंतरच्या एकाही पानावर सुताराचं नाव नव्हतं.

सर इतके हसले की भिंग खाली पडलं. "बरोबर बोलला म्हातारा. एक शब्द चुकीचा नाई." मी त्यांच्याकडे बघत होतो. तोच ताठ मानेचा नूर, तोच तडकफडकपणा. मी विचारलं, "सर, पिस्ता रंगावरून भांडलात तेव्हा तुम्ही कुठे गेला होतात?"

सर बोर्ड काखोटीला मारून उठले. रस्ता ओलांडायला त्यांनी सिग्नलचीही वाट पाहिली नाही.

पलीकडचे फादर तरुण होते, केरळचे, हिंदी बोलणारे. आमची कथा ऐकून त्यांनी स्वतःच कपाटावर चढून रजिस्टर खाली काढलं. नोंदी लॅटिनमध्ये होत्या. फादर एकेक मार्च वाचून सांगत होते आणि सर डोळे मिटून बसले होते. अर्ध्या तासात फादर थांबले. "कारपेंटर," ते म्हणाले. पणजोबांचं नाव, वय, ताप हे कारण, आणि कबरीची जागा. तिसरी रांग, मधल्या भिंतीला लागून. सरांनी ब्रश काढला आणि त्या ओळीवरून दोनदा फिरवला. तिच्यावर धूळ नव्हती. मग ते म्हणाले, "म्हातारा चौथ्या रविवारी परत नाई आला जी. माझ्यापेक्षा पक्का निघाला."

पेच मात्र उरलाच. जुन्या कब्रस्तानाच्या मधोमध एक भिंत आहे. अलीकडे यांचे, पलीकडे त्यांचे. पणजोबा पलीकडे. आणि सर काही आपलं चर्च सोडायला तयार नव्हते. "मी भांडलो, सोडलं कुठी?" असं ते फादरना निक्षून सांगत होते. फादर हसले. "सर, दीवार घुटने तक की है। उस दिन आपके पास्टर इस तरफ आ जाएँगे।" मग ते स्वतः रस्ता ओलांडून पाळकसाहेबांकडे गेले. दोघांनी चहा घेतला आणि दोघांच्या सहीचं परवानगीपत्र तयार झालं. त्या पिस्ता रंगाच्या भिंतीखाली बसून सह्या झाल्या, पण सर त्या दिवशी रंगाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत.

रविवारी आम्ही तिघं कबर बघायला गेलो. गवत काढलं, झेंडू वाहिला, मेणबत्ती लावली. शाळेला सुट्टी होती तरी सर पोरांच्या गलक्यासाठी कान देऊन उभे होते. मग त्यांनी फूटपट्टीने जागा मोजली आणि खूश होऊन म्हणाले, "ऐसपैस आहे. संध्या, दगडावरची अक्षरं तू काढायची हं. तुझा हात चांगला आहे." संध्याने आजवर सरांचा शब्द कधी मोडला नव्हता. ती म्हणाली, "सर, मी नाही काढणार." सर तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "राहू दे वं. मले तरी कुठी घाई आहे?"

निघताना त्यांनी खिशातून ते परवानगीपत्र काढलं, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिलं. "हे तुमच्यापाशी ठेवा जावईबापू. माझ्यापाशी ठेवून काय फायदा? ज्या दिवशी लागन त्या दिवशी मी थोडाच शोधून देऊ शकणार?"

इतके महिने मी कोणाची जागा शोधत स्कूटर फिरवत होतो हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी तो कागद हातात आला तेव्हा मी तो शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला आणि बराच वेळ स्कूटरची किल्लीच शोधत राहिलो.

आता सर इतरांचे पणजोबा शोधून देतात. शनिवारी माझ्या पाठीला फळी असतेच. संध्या मात्र मधूनच विचारते, "सरांचा तो कागद कुठे ठेवलात हो?" कागद कपाटात आहे, घराच्या कागदांखाली, मला पक्कं ठाऊक आहे. मी म्हणतो, "आठवत नाही. शोधायला लागेल."

"नका शोधू," ती म्हणते, आणि सरांना जेवायला बोलावायला फोन उचलते.