जिन्यावर दिलेलं उत्तर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगते आहे, तेही धड कळत नाही.

माझी धाकटी बहीण सुलभा जळकोटला असते. तिची आर्या सात वर्षांची असताना सुट्टीत माझ्याकडे नांदेडला आली होती. आर्याच्या हृदयात जन्मापासूनच दोष. पळाली की ओठ निळे पडायचे. ऑपरेशन व्हायचं होतं. आली आणि तिसऱ्याच दिवशी तिची दाढ ठणकायला लागली. सुलभाचा फोन आला, "ताई, दाढ काढायच्या आधी डॉक्टरला तिच्या हृदयाचं सांग बरं. आधी गोळी द्यावी लागतीय, न्हाईतर इन्फेक्शन होतंय." हाव, हाव, सांगते, म्हणाले मी.

दवाखान्यात शेजारच्या खुर्चीत कोण असावं? चार दिवसांपूर्वी माझ्या मुलीला पाहून गेलेल्या मुलाची आई. होकार यायचा होता. तिच्यासमोरच नर्सनं विचारलं, पोरीला काही आजार हाय का, हार्टचा वगैरे? मी नाही म्हणाले. घराण्यात खोट दिसू नये म्हणून. आत गेल्यावर डॉक्टरांना हळूच सांगता आलं असतं — नाही का? नाही सांगितलं. दार उघडं होतं.

दाढ निघाली, आर्या घरी गेली. मग ताप. उतरायचा, पुन्हा चढायचा. जळकोटला टायफॉइड समजून औषधं दिली. लातूरला नेलं तेव्हा जंतू हृदयात पोचले होते. दाढेच्या जखमेतूनच गेले असावेत, डॉक्टर म्हणाले. हृदयात धरलेल्या गाठीचा तुकडा मेंदूत गेला. आर्या वाचली. उजवा हात लुळा पडला.

पण मी सांगायला बसले ते एवढंच नाही.

लातूरच्या दवाखान्यात, जिन्यावर, सुलभानं माझं मनगट धरलं. "ताई, मी तुला गोळीचं सांगितलं होतं ना गं फोनवर?" तिची तिलाच खात्री उरली नव्हती — ते मला दिसलं.

मी म्हणाले, "न्हाई गं. तसं काही बोलली न्हाईस तू."

ती पायरीवरच बसली.

पाच वर्षं झाली. माझी मुलगी त्याच घरात नांदते आहे. आर्या डाव्या हातानं लिहिते. सुलभा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, मीच सांगायला विसरले, पोरीचा हात मी घालवला. परवा माझ्या स्वयंपाकघरात बसून शेजारणीला तेच सांगत होती. "असू दे ना आई," आर्या म्हणाली. मी चहा गाळत होते. चार कप भरले आणि नेऊन दिले.