साहेबाची पेटी

इतिहासाच्या मास्तरांचं शिबिर होतं. इंग्रजांचं राज्य पोरांना कसं शिकवावं, हा विषय. मी म्हटलं, "साहेब एकटाच राज्य करत होता का? गावोगाव त्याचं राज्य कोण चालवत होतं, तेही शिकवा की." झालं! सगळ्यांची तोंडं आंबट. एक जण म्हणाला, "जुनी मढी कशाला उकरता?" अहो, इतिहासाचे मास्तर ना आपण? मग दुसरं काय उकरायचं?

त्या वेळी मला जे आठवलं, ते तिथं बोललो नाही. इथं सांगतो.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. वरवट बकालजवळच्या आमच्या गावात शाळेनं पंधरा ऑगस्टला नाटक बसवलं. इंग्रज साहेब दौऱ्यावर येतो, त्याची पेटी वाहणारा गडी थकून खाली बसतो, साहेब त्याला छडीनं झोडपतो, मग गावकरी चिडून उठतात. गड्याच्या कामाला गुरुजींनी मला घेतलं. आमच्या बौद्धपुऱ्यातून स्टेजवर जाणारा मी पहिलाच. नुसता हरखून गेलो होतो. घरी डोक्यावर चुंबळ ठेवून लंगडत चालून दाखवायचो, अन् माय हसून हसून बेजार व्हायची.

बा हसला नाही. त्यानं साहेबांच्या पेट्या खरोखर वाहिल्या होत्या, ऐन पेरणीत, फुकट. बौद्ध झाल्यावर त्यानं गावकीची सगळी कामं टाकून दिली अन् त्यापायी शिव्या खाल्ल्या.

"तुले मारते कोन?" त्यानं विचारलं.

"साहेब."

"अन् पाटील कुठी हाय?"

"पाटील नाही नाटकात."

"नाही कसा? साहेबानं मले कधी बोटबी नाही लावलं. घरून धरून आनाचा पाटलाचा मानूस, अन् झोडपाचा पाटील."

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला. दाराबाहेर उभं राहूनच म्हणाला, "गुरुजी, पोरानं मार खाल्ला तरी माही ना नाही. पन पाटलालेबी घ्या नाटकात."

गुरुजी तसे भले, पण पार गांगरले. पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष पाटीलच होते ना! "पुस्तकात तसं नाही हो," ते म्हणाले. "अन् देशाच्या दिवशी घरचं भांडण काऊन काढता?"

"कोनाच्या घरचं?" बा म्हणाला, अन् माझं नाव नाटकातून काढायला सांगून निघून गेला. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

गुरुजी दुसरा गडी शोधू लागले. पण पेटी उचलायला कुणाच्याच घरचे आपलं पोरगं देईनात. साहेबाची हॅट घालायला मात्र झुंबड. शेवटी तो प्रवेशच कापला. आता पडदा उघडेल तेव्हा साहेब पेटीवर बसलेलाच. गावकरी येणार, घोषणा देणार, संपलं. म्हणजे नुसता मार खात होतो तोवर आम्ही इतिहासात होतो. मारणाऱ्याचं नाव घ्या म्हटलं, तर मारासकट पुसले गेलो! आजही आठवलं की डोकं सणकतं.

पंधरा ऑगस्टला मी पडद्यामागे घुटमळत होतो. राहवत नव्हतं. गुरुजी घामाघूम झाले होते. साहेबाची पेटी म्हणून आणलेली हेडमास्तरांची लोखंडी पेटी अजून व्हरांड्यातच होती, अन् नटलेली पोरं कपडे मळतील म्हणून तिला हात लावत नव्हती. गुरुजींची नजर माझ्यावर पडली.

"अबे, तू मोकळाच हाय ना? तेवढी पेटी ठेव बरं आत. अन् लवकर निंघ तिथून."

मी पेटी डोक्यावर घेतली, स्टेजवर ठेवली अन् निघालो.

बा अगदी मागे बसला होता. मी जाऊन त्याच्याजवळ बसलो. पडदा उघडला, टाळ्या पडल्या. पुढच्या खुर्चीत बसलेले पाटीलही टाळ्या वाजवत होते. पेटीवर साहेब ऐटीत बसला होता. बानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. किती तरी दिवसांनी तो हसला.

"पाह्य," तो म्हणाला, "बरं झालं ना? साहेबाची पेटी आता आपलं कोनी उचलून नाही राह्यलं."

"हाव, बा," मी म्हणालो.