व्हर्लिन हाउकचा हिवाळा

व्हर्लिन हाउक आमच्या गावच्या चीज कारखान्यात एकतीस वर्षं दुधाच्या हौदांवर होता, आणि मी दुधाच्या टाकीची गाडी चालवायचो. सकाळी माझी गाडी दाराशी लागली की तो मूठभर ताज्या चीजच्या गुठळ्या घेऊन बाहेर यायचा, दाताखाली चुंचुं वाजणाऱ्या. त्या माझ्या हातावर ठेवून म्हणायचा, "ऑर्डेल, बर्फाचं गणित सुटलं बरं का."

आम्ही दोघं एकाच शाळेतले. एक खोली, एक शेगडी, आठ इयत्ता आणि सगळ्यांना मिळून एकच बाई, मिस टॉलेफसन. त्या शाळेतून व्हर्लिनने गणित घेतलं आणि मी बडबड घेतली. दोघांचीही पुढे कुठे बढती झाली नाही.

बर्फाचं गणित म्हणजे त्याच्या खेळातलं. विस्कॉन्सिनमध्ये त्या दिवसांत घराघरांतली माणसं असले खेळ रचत होती. चार जणांनी टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं आणि अडलं की फासे टाकायचे. इतरांच्या खेळात राक्षस आणि तलवारी असायच्या. व्हर्लिनच्या खेळात होतं बर्फाने कोंडलेलं एक गाव. नोव्हेंबरात सुरू करायचं आणि एप्रिल गाठायचा, बस. जळणाचे भारे म्हणून वाळल्या घेवड्याचे दाणे मोजायचे. दाणे संपले की गाव गारठलं.

दर रविवारी चर्चहून आलो की दुपारी त्याच्या स्वयंपाकघरात बसायचो. गोष्ट चालवायला व्हर्लिन, खेळायला मी, लीरॉय झास्त्रो न्हावी आणि व्हर्लिनची बायको मार्सेला. लीरॉय इतका चिकट की खेळातलं खोटं जळणसुद्धा दुसऱ्याला देताना त्याला घाम फुटायचा. एकदा तर त्याने घेवड्याचे चार दाणे खिशात घातले आणि सोमवारी ते त्याच्या दुकानात, कात्र्यांच्या डबीत सापडले. पण तो किस्सा वेगळा.

एक्याऐंशी सालच्या जानेवारीत मार्सेलाचा लोहार तापाने मेला. खेळातला. लीरॉय हसला. म्हणाला, "चला, एक खाणारं तोंड कमी झालं." मार्सेलाने आपला कॉफीचा कप बशीत पालथा घातला आणि किटली स्वतःकडे ओढून घेतली.

"त्याची एकेक आठवण सांगा," ती म्हणाली. "त्याशिवाय कुणाला थेंब मिळायचा नाही."

मग काय, कॉफीसाठी आम्ही त्या कधीच नसलेल्या लोहाराच्या आठवणी सांगत बसलो. लीरॉयने सांगितलेली ऐकून तर मार्सेलाने डोळे पुसले. व्हर्लिन इतका खूश झाला की त्याने प्रत्येक आठवणीमागे गावाला एक भारा जळण दिलं. तेव्हापासून कुणी मेलं की कप पालथा. मेलेल्या माणसांच्या आठवणींवर आमचं गाव फेब्रुवारी काढायचं. ज्याचा माणूस गेला तो दुसरं सोंग घेऊन पुन्हा खेळात यायचा. तेरा हिवाळे असं चाललं.

त्र्याण्णवच्या वसंतात मार्सेला गेली, खरीखुरी. व्हर्लिनने कारखाना सोडला, खेळाचं पुस्तक लिहायला बसला आणि त्याच्या चारशे प्रती छापून घेतल्या. एकशे बारा पानं. पहिल्या पानावर मार्सेलाचं नाव. मला म्हणाला, "आपण तिघं काय, आज आहोत उद्या नाही. हे आपल्यामागे कुणीतरी खेळलं पाहिजे, ऑर्डेल. नाहीतर ती गेली ती गेलीच."

पुढल्या ऑगस्टात आम्ही मिलवॉकीच्या खेळांच्या मेळ्याला गेलो. तिथे रोडा केसलर म्हणून बाई होती, ती दुकानांना खेळ पुरवायची. तिने पुस्तक चाळलं, बर्फाच्या तक्त्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मिस्टर हाउक, हा घेणार कोण?"

"रविवारी दुपारी ज्यांना कुठे जायचं नसतं ते," व्हर्लिन म्हणाला.

"ते दुकानात येत नाहीत."

पण बाई वाईट नव्हती. म्हणाली, परक्या माणसांपुढे ठेवून बघू, त्यांनी एप्रिल गाठला तर मी घेते. या धंद्यात एक रीत आहे. नवा खेळ अनोळखी लोकांच्या हाती द्यायचा, त्यांनी निव्वळ पुस्तक वाचून खेळायचं आणि रचणाऱ्याने भिंतीशी खुर्ची घेऊन तोंड मिटून बसायचं. एक शब्द बोलला की परीक्षा रद्द. व्हर्लिनने असली परीक्षा कधी दिली नव्हती. त्याचे परीक्षक म्हणजे आम्ही तिघं, आणि आम्हाला तर तो बोलायच्या आधीच कळायचं.

पाच जण बसले. काळ्या शर्टांतली चार तरुण पोरं, त्यांत एक पोरगी, आणि रसीन गावचा एक दातांचा डॉक्टर, स्वतःच्या फाशांची थैली घेऊन आलेला. खेळातल्या डिसेंबरपर्यंत बहार आली. वाळल्या चाऱ्यावरून दोघं असे भांडले की मला माझे मेहुणे आठवले. व्हर्लिनचे कान लाल झाले होते, आनंदाने.

जानेवारीत डॉक्टरचा मेंढपाळ तळ्यावरचा बर्फ फुटून बुडाला.

"मी मेलो," डॉक्टर म्हणाला. "आता काय करायचं?"

पोरांनी पानं उलटली. एक्केचाळिसाव्या पानावर एकच ओळ होती: मेलेल्याचं धान्य गावाच्या साठ्यात जमा करावं. डॉक्टरने दहा मिनिटं वाट पाहिली, फासे थैलीत भरले आणि व्हर्लिनपाशी येऊन हळूच म्हणाला, "चाऱ्याचा भाग फार छान जमलाय हो." मग गेला.

आठवणी नाहीत म्हणून जळण नाही. जळण नाही म्हणून गाव मरू लागलं, आणि ज्याचा माणूस मेला तो टेबलावरून उठला. शेजारच्या दालनात पत्त्यांचा नवा खेळ आला होता, पंधरा मिनिटांत निकाल लागायचा. सगळे तिकडेच चालले होते. मी न राहवून तोंड उघडलं तर व्हर्लिनने माझा गुडघा असा दाबला की आठवडाभर निळा होता. शेवटी एकच पोरगी उरली. तिने एकटीने तीनदा फासे टाकले, इकडेतिकडे पाहिलं आणि पुस्तक नीट मिटून ठेवलं. फेब्रुवारीची नववी तारीख होती.

गाडीपाशी आल्यावर मी म्हणालो, "एक वाक्य सांगायचं होतं, व्हर्लिन. एकच वाक्य."

"आणि पुढच्या गावात ते कोण बोलणार? पुस्तकाबरोबर तू जाणार आहेस घरोघर?" मग गाडीच्या टपावर पुस्तक ठेवून त्याने सगळी पानं चाळली, दोनदा. "मला वाटलं होतं ते लिहिलंय. घसरगाडीच्या वेगावर मी सहा पानं लिहिली, ऑर्डेल. आणि तिचा पालथा कप तेवढा राहिला."

त्या हिवाळ्यात त्याने चारशेच्या चारशे प्रतींत एक्केचाळिसाव्या पानाच्या समासात तो नियम हाताने लिहिला. एक प्रत रोडाबाईला धाडली. तिचं उत्तर सभ्य होतं: नियम सुंदर आहे, पण दुकानांच्या फळ्या आता पत्त्यांनीच भरल्यात, हिवाळा कुणी मागत नाही. प्रती माझ्या गाडीखान्यात आहेत. उंदरांनी अजून तरी तक्ते सोडून काही खाल्लेलं नाही.

रविवारी आम्ही पुन्हा कधी बसलो नाही. लीरॉयला फॉन्ड द्यू लॅकच्या वृद्धाश्रमात ठेवलं. तिथे तो मला दूधवाला म्हणून ओळखतो, ते अगदीच चूक नाही.

सत्त्याण्णवच्या मार्चात व्हर्लिन गेला. चर्चच्या तळघरात जेवण होतं, हॅमचे पाव आणि बटाट्याचं सॅलड. माझ्या टेबलावर त्याचा भाचा, भाचसून आणि कारखान्यातली दोन माणसं. मी माझा कप बशीत पालथा घातला आणि सगळ्यांकडे बघत थांबलो. मला वाटलं, कुणीतरी विचारेल.

भाचा हवेबद्दल बोलत होता. वाढणारी बाई किटली घेऊन आली, माझ्या कपाकडे पाहिलं, "तुम्हाला नको ना?" म्हणाली आणि कप उचलून घेऊन गेली.